फ्रेममधली सही आणि रावबहादूर धुरंधर

प्रश्न : आमच्या घरी माजघराच्या भिंतीवर एक छोटं चित्र तीन पिढ्यांपासून आहे. नऊवारी नेसलेली, डोक्यावर पाटी घेतलेली बाई. खालच्या कोपऱ्यात इंग्रजीत ‘एम. व्ही. धुरंधर’ अशी सही आणि साल आहे. सालाचे शेवटचे आकडे पुसट झालेत. आजोबा सांगायचे, चित्रकाराने स्वतः सही केलेलं चित्र आहे, जपून ठेवा. धाकटा भाऊ म्हणतो, हे छापील आहे, याला काडीची किंमत नाही. खरं काय समजायचं? हे धुरंधर नेमके कोण होते? चित्र काळपट पडलंय, ते पुसून घेतलं तर चालेल का? दुसरा भाऊ अमेरिकेत असतो, तो ते घेऊन जायचं म्हणतोय.
— एक वाचक, मिरज

उत्तर : तुम्ही पाठवलेली छायाचित्रं मोठी करून पाहिली. चित्र छापील आहे आणि सहीसुद्धा चित्राबरोबरच छापली गेली आहे. इतकं ठामपणे सांगता येतं ते ठिपक्यांमुळे. बाईच्या पदराचा भाग तुम्ही अगदी जवळून टिपला आहे. त्यात तांबडे, पिवळे आणि निळे बारीक ठिपके ठरावीक अंतरावर, ओळीने बसलेले दिसतात. जलरंगाने काढलेल्या चित्रात रंग कागदात मुरतो, पाण्याबरोबर पसरतो, कुठे दाट होतो तर कुठे विरतो. ठिपक्यांची अशी जाळी त्यात कधीच सापडत नाही. ही तीनरंगी हाफटोन ब्लॉकची छपाई आहे. मूळ चित्राचे तीन रंगांसाठी तीन वेगळे फोटो घ्यायचे, त्यांचे धातूचे ब्लॉक करायचे आणि गुळगुळीत आर्ट पेपरवर एकावर एक छापायचे, अशी ती पद्धत. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत पुस्तकांतली आणि मासिकांतली बहुतेक रंगीत चित्रं याच रीतीने छापली जात.

सहीची परीक्षा तुम्हाला घरच्या घरीही करता येईल. घड्याळजी वापरतात तसं दहापट मोठं दाखवणारं भिंग मिळवा आणि खिडकीजवळ, तिरप्या उजेडात सही पाहा. शाईने किंवा ब्रशने कागदावर केलेल्या सहीची रेघ सलग असते, वळणावर जाड आणि सुटताना बारीक होते. टाकाच्या टोकाने कागद किंचित दबलेलाही दिसतो. छापील सहीची रेघ आजूबाजूच्या चित्रासारखीच ठिपक्यांची बनलेली असते आणि कागद सपाट असतो. तुमच्या छायाचित्रात पदरावरची जाळी सहीच्या अक्षरांतून तशीच पुढे गेलेली दिसते. त्यामुळे शंकेला जागा उरत नाही.

आजोबांना मात्र खोटं पाडू नका. धुरंधर आपल्या मूळ चित्रावरच नाव घालत आणि बहुधा सालही. कॅमेऱ्याने चित्र टिपलं, तेव्हा ती सहीही टिपली गेली. तुमच्या भिंतीवरचं अक्षर त्यांच्याच हाताचं वळण आहे, फक्त ते ब्लॉकवरून उतरलं आहे. शिवाय सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीच्या घरात ‘सही केलेलं चित्र’ याचा अर्थ साधा होता : ज्यावर चित्रकाराचं नाव आहे, जे कुणा अनामिक कारागिराचं नाही, असं चित्र. कागदाच्या कोऱ्या समासात पेन्सिलने सही करायची, प्रतींना क्रमांक घालायचा, ही चाल युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व्हिसलरसारख्या एचिंग करणाऱ्या चित्रकारांनी रूढ केली. आपल्याकडे बाजारात विकल्या जाणाऱ्या छापील चित्रांना तो रिवाज नव्हता.

आता हे चित्र आलं कुठून? काचेच्या आतला कागद पुस्तकाच्या पानाएवढा दिसतो, तो गुळगुळीत आहे, आणि विषय आहे पेहरावासह उभी असलेली एकच स्त्री. यावरून माझा कयास असा की हे ऑटो रॉथफेल्ड यांच्या ‘विमेन ऑफ इंडिया’ या पुस्तकातलं पान असावं. मुंबईच्या तारापोरवाला या प्रकाशकांनी ते १९२० साली काढलं. त्यात धुरंधरांची अठ्ठेचाळीस चित्रं आहेत. देशभरातल्या निरनिराळ्या समाजांतल्या, निरनिराळे व्यवसाय करणाऱ्या बायका त्यांत आहेत. या पुस्तकाच्या कितीतरी प्रतींतली चित्रं पुढे सुटी करून, काचेत घालून विकली गेली. तुमच्या फ्रेमची पाठ उघडलीत, तर कागदाच्या एका कडेला बांधणीची किंवा डिंकाची खूण मिळते का ते पाहा. चित्राखाली इंग्रजी नाव छापलेलं असेल आणि ते माउंटखाली झाकलं गेलं असेल, तर प्रश्न तिथेच सुटेल.

धुरंधर कोण, या प्रश्नाचं उत्तर मला जरा ऐसपैस द्यायचं आहे. कारण छापील म्हणजे बिनकिमतीचं, हे तुमच्या भावाचं मत या माणसाची कारकीर्द पाहिली की टिकत नाही.

महादेव विश्वनाथ धुरंधर यांचा जन्म १८ मार्च १८६७ रोजी कोल्हापुरात, पाठारे प्रभू कुटुंबात झाला. जानेवारी १८९० मध्ये ते मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये विद्यार्थी म्हणून दाखल झाले, तेव्हा तिथले प्रमुख जॉन ग्रिफिथ्स होते. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती ज्यांच्या देखरेखीखाली झाल्या, तेच हे ग्रिफिथ्स. धुरंधरांचं त्या शाळेशी जुळलेलं नातं जानेवारी १९३१ मध्ये निवृत्त होईपर्यंत टिकलं. आधी विद्यार्थी, मग शिक्षक, मग हेडमास्तर, आणि १९३० मध्ये काही काळ संस्थेचे हंगामी संचालक. त्या खुर्चीवर बसलेले ते पहिले भारतीय. सरकारने त्यांना रावबहादूर केलं. १९४० साली त्यांनी आपल्या आठवणी मराठीत प्रसिद्ध केल्या. पुस्तकाचं नाव ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’. मुंबईच्या कलाजगताचा त्या काळाचा असा आतून लिहिलेला दस्तऐवज मराठीत फार थोडा आहे. चित्रकलेशी ज्यांचा संबंध नाही, त्यांनीही तो मिळवून वाचावा. १ जून १९४४ रोजी धुरंधर गेले. त्यांची मुलगी अंबिका धुरंधर जे. जे.मध्येच शिकून चित्रकार झाली, आणि तिनेही आपल्या आठवणी लिहून ठेवल्या.

ही झाली नोकरीची बाजू. तिच्या जोडीने, सकाळ-संध्याकाळच्या वेळात, या माणसाने जे काम केलं त्याचा व्याप थक्क करणारा आहे. १८९५ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक त्यांना मिळालं आणि नाव झालं. पुढे संस्थानिकांची कामं आली, शिवचरित्रावरची चित्रं आली. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. त्यांनी उभारलेल्या औंधच्या श्रीभवानी संग्रहालयात धुरंधरांची चित्रं आजही पाहायला मिळतात. साताऱ्याकडे गेलात तर वाट वाकडी करून तिथे जा. नवी दिल्लीचं सचिवालय उभं राहिलं, तेव्हा तिथल्या विधी सदस्यांच्या दालनातली चित्रंही धुरंधरांकडेच सोपवली गेली.

पण दालनातली आणि राजवाड्यातली चित्रं किती लोकांनी पाहिली असतील? मराठी माणसाच्या घरात धुरंधर आले ते छापखान्याच्या वाटेने.

ही वाट आधी राजा रविवर्म्यांनी मोकळी केली होती. १८९४ साली त्यांनी मुंबईत शिळाछापाचा कारखाना काढला, आणि लक्ष्मी-सरस्वतीची चित्रं ओलिओग्राफच्या रूपाने घरोघर गेली. प्लेगच्या दिवसांत तो कारखाना कार्ल्याजवळ मळवलीला हलला. पुढे फ्रिट्झ श्लायखर या जर्मन तंत्रज्ञाने तो विकत घेऊन चालवला. ओलिओग्राफचं काम किचकट होतं. प्रत्येक रंगासाठी चुनखडीचा वेगळा दगड, त्यावर तेलकट खडूने किंवा शाईने उलटं चित्र, आणि एकाच कागदावर दगडामागून दगड अचूक बसवून छापणं. शेवटी वार्निश द्यायचं आणि कागदावर कॅनव्हासच्या विणीसारखा खरखरीतपणा उठवायचा, म्हणजे लांबून तैलचित्र वाटावं. अशा छापखान्यांना नव्या चित्रांची सतत गरज असे. धुरंधरांनी ती पुरवली. पौराणिक प्रसंग आणि देवदेवता तर त्यांनी काढल्याच, शिवाय विसाव्या शतकाच्या आरंभी पिक्चर पोस्टकार्डांची लाट आली तेव्हा मुंबईच्या रस्त्यावरची माणसंही पोस्टकार्डांवर आणली.

माझं मत स्पष्ट सांगतो. धुरंधरांच्या पौराणिक चित्रांपेक्षा ही रस्त्यावरची आणि घरातली माणसं कितीतरी सरस आहेत. पौराणिक चित्रांत रविवर्म्यांची सावली जाणवते. नाटकातल्यासारखे हातवारे, मखमली पडदे, ठरलेल्या मुद्रा. पण मासळीची पाटी घेतलेली कोळीण, पारशी बाई, लग्नघरात लगबग करणाऱ्या प्रभू बायका, पगडी बांधलेले व्यापारी यांच्याकडे वळले की धुरंधरांचा हात मोकळा होतो. लुगडं कसं नेसलंय, काष्टा किती उंच खोचलाय, पदर खांद्यावर आहे की कमरेला, अंबाडा कुठे बांधलाय, नथ कुठल्या घाटाची, हातात गोठ आहेत की पाटल्या, यांत ते चुकत नाहीत. चालताना शरीराचा तोल कसा जातो आणि त्याबरोबर नऊवारीची चुणी कशी फिरते, हे त्यांनी जितक्या प्रेमाने पाहिलं, तितकं त्यांच्या आधी आपल्याकडच्या कुणी पाहिलं असेल असं मला वाटत नाही. आज त्या काळच्या वेशभूषेवर नाटक किंवा सिनेमा करणाऱ्यांनी पहिल्यांदा उघडावी ती धुरंधरांची चित्रं.

पुस्तकांसाठी त्यांनी केलेलं काम या नजरेचं सगळ्यात भरगच्च भांडार आहे, आणि तुमच्या चित्राचा संबंध बहुधा याच कामाशी आहे. त्यातली तीन पुस्तकं तरी सांगायलाच हवीत.

पहिलं ‘बायवेज ऑफ बॉम्बे’, १९१२ सालचं. लेखक एस. एम. एडवर्ड्स. हे गृहस्थ तेव्हा मुंबईचे पोलीस कमिशनर होते. शहराच्या गल्लीबोळांत, रात्रीच्या अड्ड्यांवर, मोहरमच्या गर्दीत, गणेशचतुर्थीच्या मिरवणुकीत, सिद्दी लोकांच्या वस्तीत जे दिसलं त्याची त्यांनी शब्दचित्रं केली. धुरंधरांनी ती रेखाटली. पोलीस कमिशनरच्या नजरेत कितीही कुतूहल असलं तरी थोडा साहेबी दुरावा राहणारच. चित्रकाराला मात्र ती माणसं घरची होती, आणि रेखाटनांत ते जाणवतं.

दुसरं पुस्तक माझ्या विशेष आवडीचं. सी. ए. किंकेड यांचं ‘डेक्कन नर्सरी टेल्स’, १९१४ साली लंडनच्या मॅकमिलनने काढलेलं. इंग्रजी नाव पाहून हे काय असेल, याचा अंदाज येत नाही. आत उघडलं की आपल्या श्रावणातल्या कहाण्या! आदित्यराणूबाई, सोमवार, मंगळागौर, शुक्रवार. आपल्या आज्या पाटावर बसून, हातात तांदळाचे दाणे घेऊन ज्या वाचत, त्या कहाण्या या सनदी अधिकाऱ्याने इंग्रजीत सांगितल्या आणि ‘आटपाट’ हे त्या नगराचं नावच आहे असं धरून प्रत्येक गोष्ट सुरू केली. लंडनमधल्या मुलांना त्या गोष्टीतली गरीब ब्राह्मणाची बायको, सवाष्ण, नागकन्या, राजाची नावडती राणी कशी दिसते, हे दाखवायचं काम धुरंधरांकडे आलं. त्यांनी ती माणसं कोल्हापूर-मुंबईच्या घरांतून उचलली. कहाण्यांना चेहरे देणारा हा पहिला मोठा चित्रकार, आणि ते चेहरे इंग्रजी पुस्तकात अडकून पडले. मराठी कहाण्यांच्या एखाद्या प्रकाशकाने अजून त्यांना मराठी मजकुराशेजारी आणून बसवावं, असं मला मनापासून वाटतं. अधिकाराचीही अडचण उरलेली नाही. आपल्या कायद्याप्रमाणे चित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी हक्क संपतो, म्हणजे धुरंधरांच्या प्रकाशित चित्रांवरचा हक्क २००४ अखेर संपला.

तिसरं ‘विमेन ऑफ इंडिया’, ज्याचा उल्लेख वर आला. या पुस्तकाचा मजकूर आज वाचवत नाही. रॉथफेल्ड सनदी नोकर होते, आणि बायकांचं जात, प्रांत, रूप यांवरून वर्गीकरण करण्याची त्या काळच्या राज्यकर्त्यांची सवय पानापानावर दिसते. चित्रांमध्येही ‘नमुना’ म्हणून उभं करण्याचा तो आग्रह आहेच, कारण कामच तसं होतं. पण धुरंधरांच्या बायका नमुना म्हणून उभ्या राहत नाहीत. एखादी बघणाऱ्याकडे सरळ बघते, एखादी आपल्याच नादात असते, एखादीच्या चेहऱ्यावर उन्हाचा त्रास दिसतो. लेखकाने जात सांगितली, चित्रकाराने बाई काढली. शंभर वर्षांनी मजकूर बाजूला पडला आणि चित्रं भिंतींवर राहिली, याचं कारण हेच आहे.

मग इतका मोठा माणूस विस्मरणात कसा गेला? याला बंगालकडून आलेली टीका काही अंशी कारण झाली. अवनींद्रनाथ ठाकुरांच्या भोवतीच्या मंडळींनी पाश्चात्त्य वळणाच्या वास्तववादी चित्रकलेला परकी ठरवलं. रविवर्म्यांवर तोफ डागली गेली आणि तिचा धूर जे. जे.वरही आला. नंतर स्वातंत्र्याच्या सुमारास आधुनिक चित्रकार पुढे आले, त्यांनाही शाळेतली ही शिस्त जुनी वाटली. आणि तिसरं कारण तुमच्या भावाच्या मनात आहे तेच : पुस्तकं, पोस्टकार्डं, कॅलेंडरं यांसाठी काम करणारा तो ‘कमर्शियल’. ही उतरंड मला कधीच पटली नाही. दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर या दोन गोमंतकीयांनी पुढे दिवाळी अंकांची मुखपृष्ठं, कथाचित्रं आणि देवादिकांची कॅलेंडरं काढून मराठी घरांना चित्रं पाहायला शिकवलं. ती माणसं ज्या रस्त्याने चालली, तो आधी धुरंधरांनी चालून दाखवला होता. अलीकडे चित्र पालटलं आहे. २०१८ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात धुरंधरांचं मोठं सिंहावलोकन प्रदर्शन झालं, आणि त्यात रेखाटनं, पोस्टकार्डं, पुस्तकांची चित्रं यांनाही तैलचित्रांच्या बरोबरीने भिंत मिळाली.

आता पैशांचा प्रश्न. धुरंधरांचं मूळ जलरंगचित्र आणि त्यावरून छापलेलं पुस्तकाचं पान यांच्या बाजारभावात जमीन-अस्मानाचा फरक असतो, आणि तो असायलाच हवा. रविवर्मा प्रेसचे जुने ओलिओग्राफ, त्यातही खाली छापखान्याचं नाव शाबूत असलेले, संग्राहक आवडीने घेतात. पुस्तकातलं सुटं पान त्याहून खाली येतं. तेव्हा तुमच्या चित्रातून फार मोठी रक्कम मिळेल, अशी आशा धरू नका. ‘सही आहे’ म्हणून कुणी अवाच्या सवा दराने विकत मागितलं तर सावध व्हा, आणि ‘छापील आहे’ म्हणून कुणी रद्दीच्या भावात मागितलं तर देऊ नका. शंभर वर्षांचा कागद, त्या काळची छपाई आणि एका थोर चित्रकाराने त्याच कामासाठी काढलेलं चित्र तुमच्याकडे आहे. पुस्तकचित्रकाराच्या बाबतीत छापलेलं पान हेच कामाचं शेवटचं रूप असतं. वाचकाच्या हाती काय पडणार, हे डोळ्यांपुढे ठेवून तो रंग लावतो.

पुसण्याबद्दल : अजिबात पुसू नका. आर्ट पेपरवर पांढऱ्या मातीचा लेप असतो. ओल्या फडक्याने तो सुटतो आणि त्याबरोबर छपाईही जाते. ब्रेड, खोडरबर, लिंबू असे जे उपाय लोक सांगतात ते एकही करू नका. काळपटपणा बऱ्याचदा काचेच्या आतल्या बाजूला आणि मागच्या फळीत असतो. जुन्या फ्रेममध्ये चित्राला पाठीशी लाकडाची पातळ फळी किंवा वर्तमानपत्र लावलेलं असतं. त्यातलं आम्ल वर्षानुवर्षं कागदात उतरतं आणि कागद तपकिरी, ठिसूळ होतो. एखाद्या जाणत्या फ्रेमवाल्याकडून ती फळी काढून आम्लरहित बोर्ड घालून घ्या, आणि चित्र काचेला चिकटू नये म्हणून मध्ये माउंट ठेवायला सांगा. चित्र काचेला आधीच चिकटलं असेल, तर ओढून काढू नका. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलावस्तूंच्या जतनाचं केंद्र आहे. तिथल्या जाणकारांचा सल्ला घ्या. भिंत ओल धरणारी नको, समोरून ऊन येणारी नको, देव्हाऱ्याच्या धुराजवळची नको. कडा व्यवस्थित दिसाव्यात म्हणून समास कापू नका आणि लॅमिनेशन तर कधीच करू नका. काही घरांत ओलिओग्राफवर जर, टिकल्या, कापडाचे तुकडे चिकटवून देवीला लुगडं नेसवलेलं असतं. तसं काही तुमच्या नातेवाइकांकडे असेल तर तेही काढू नका. ते घरातल्या बाईच्या हाताचं काम आहे, आणि संग्रहालयं आता ते मुद्दाम जपतात.

अमेरिकेला नेण्याआधी एक गोष्ट करा. शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू परवान्याशिवाय देशाबाहेर नेण्यावर १९७२ च्या कायद्याने बंदी आहे. तुमचं पान १९२० चं असेल, तर ते त्या वयाचं झालं आहे. छापील पान त्या व्याख्येत धरलं जातं की नाही, हे विमानतळावर वाद घालून ठरवण्याची गोष्ट नाही. पुरातत्त्व खात्याकडे अर्ज केला, तर वस्तू पाहून ‘ही पुरावस्तू नाही’ असा दाखला मिळू शकतो. तो हातात आल्यावरच भावाला चित्र द्या. माझं विचाराल तर चित्र मिरजेतच राहू दे. भावाला उत्तम स्कॅन करून छापलेली प्रत द्या. धुरंधरांच्या बाईला दुसऱ्यांदा छापखाना दिसेल, त्यात गैर काही नाही.

प्रश्न : एका प्रदर्शनात धुरंधरांच्या चित्राची ‘सही असलेली मर्यादित आवृत्ती’ विकायला होती. कॅनव्हासवर छापलेली, खाली पेन्सिलने १५/१०० असं लिहिलेलं. किंमत बरीच होती. घ्यावी का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : चित्र आवडलं असेल तर घ्या, पण ते सहीचं चित्र म्हणून घेऊ नका. १५/१०० याचा अर्थ शंभर प्रतींपैकी पंधरावी. जिवंत चित्रकाराने स्वतः प्रत तपासून, समासात पेन्सिलने सही करून हा क्रमांक घातला, तर त्याला वजन असतं, कारण तेवढ्याच प्रती निघतील याची हमी तो देतो. धुरंधर १९४४ मध्ये गेले. आज संगणकावरून कॅनव्हासवर उतरवलेली प्रत त्यांनी पाहिलेली नाही. त्या चित्रात दिसते ती मूळ चित्रावरची सही, आणि पेन्सिलचा क्रमांक विक्रेत्याचा. हक्क संपलेले असल्याने प्रकाशित चित्राच्या अशा प्रती कुणीही काढू शकतो, म्हणजे उद्या दुसरा विक्रेता आणखी हजार काढील. तेव्हा कागद, शाई आणि फ्रेम यांचा जो वाजवी खर्च, त्याच्या आसपासच पैसे द्या. विक्रेत्याला पावतीवर ‘डिजिटल पुनर्मुद्रण’ असं लिहून द्यायला सांगा. तो कचरला तर पुढच्या दुकानात जा.

एक विनंती सगळ्याच वाचकांना. जुन्या पुस्तकांच्या दुकानात किंवा घरच्या फडताळात ‘विमेन ऑफ इंडिया’ किंवा ‘डेक्कन नर्सरी टेल्स’ची अखंड प्रत कधी सापडली, तर तिची पानं सुटी करू देऊ नका, मग कुणी पानामागे कितीही पैसे देवो. अखंड प्रत जवळच्या ग्रंथसंग्रहालयाला दाखवा, आणि तिथे नसेल तर त्यांना देऊन टाका.